कचऱ्याचे शुल्क आणि विरोधाचे म्हणणे

घरातला कचरा उचलण्याच्या शुल्कावरून सुरू झालेला वाद माणसांना तुरुंगापर्यंत नेऊ शकतो, यावर सहजी विश्वास बसत नाही. सप्टेंबर २००३ मध्ये डब्लिनमध्ये मात्र तसे घडले. शहराच्या उत्तर भागातील फिंगल काउंटी कौन्सिलने शुल्क न भरणाऱ्या घरांचा कचरा उचलणे थांबवले, तेव्हा रहिवाशांनी कचरागाड्या अडवल्या. न्यायालयाने गाड्या अडवण्यास मनाई केली आणि ती मनाई मोडल्याबद्दल आयर्लंडच्या संसदेचे सदस्य जो हिगिन्स आणि स्थानिक नगरसेविका क्लेअर डेली यांना एक महिन्याच्या कारावासाची शिक्षा झाली. त्यांच्यामागून आणखीही आंदोलक तुरुंगात गेले. हे सारे एका अशा रकमेवरून, जी पुष्कळ कुटुंबांना थोडी ओढाताण करून भरता आली असती. हे आंदोलन मी प्रथम समजून घेऊ लागले तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. रक्कम डोईजड नसतानाही लोक इतक्या निर्धाराने विरोध का करतात? अशा विरोधाला बेजबाबदारपणा म्हणून मोकळे होणारे लोक त्या विरोधातले नेमके काय ऐकत नाहीत?

उत्तर शोधायचे तर त्या शुल्काच्या थोडे मागे जावे लागते. आयर्लंडमध्ये पूर्वी घरांवर स्थानिक कर असे आणि त्यातून स्थानिक संस्थांचा खर्च चाले. १९७७ च्या निवडणुकीत हा कर रद्द करण्याचे आश्वासन दिले गेले आणि १९७८ पासून तो रद्दही झाला. त्यामुळे पडलेली तूट केंद्र सरकार अनुदानातून भरून काढेल, असे ठरले होते. पुढे सरकारचा हात आखडला आणि १९८३ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना पाणी, कचरा यांसारख्या सेवांसाठी वेगळे शुल्क आकारण्याची मुभा मिळाली. कष्टकरी वस्त्यांमधल्या माणसांनी यावर जो आक्षेप घेतला तो अगदी सरळ होता. कर रद्द झाला, पण त्याची भरपाई आमच्या पगारातून आणि आम्ही विकत घेतो त्या प्रत्येक वस्तूवरच्या करातून होत आली आहे. आता त्याच सेवेचे पैसे पुन्हा का मागता? ‘दुहेरी कर’ हा त्या चळवळीचा मध्यवर्ती मुद्दा होता. त्यात फुकट सेवेची मागणी नव्हती, आधी झालेल्या व्यवहाराची आठवण होती. जगात जिथे जिथे कचऱ्याच्या शुल्काला विरोध होतो तिथे हे म्हणणे कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकू येते, आणि त्याला समाधानकारक उत्तर क्वचितच दिले जाते. आधीच्या करातला किती भाग सफाईवर खर्च होत होता, नवे शुल्क आल्यावर तो भाग कुठे जाणार, आणि त्या प्रमाणात जुना कर कमी होणार की नाही, हे तीन आकडे शुल्काच्या सूचनेबरोबर छापले गेले तर अर्धा राग तिथेच शमेल असे मला वाटते. ते छापले जात नाहीत, आणि मग लोक गृहीत धरतात की सांगण्यासारखे काही नसावे.

त्याच डब्लिनमध्ये त्याआधी पाण्याच्या शुल्काविरुद्ध मोठे आंदोलन झाले होते आणि डिसेंबर १९९६ मध्ये सरकारने ते शुल्क रद्द करण्याची घोषणा केली. पाण्याच्या बाबतीत लोक जिंकले आणि कचऱ्याच्या बाबतीत हरले, याचे एक कारण मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत बोलके वाटते. पाणी तोडण्यासाठी शासनाला काहीतरी करावे लागते. माणूस पाठवावा लागतो, रस्ता खणावा लागतो, नळ बंद करावा लागतो, आणि तहानलेल्या घराचे चित्र कोणत्याही सरकारला सोसवत नाही. कचऱ्याच्या बाबतीत काहीच करावे लागत नाही. गाडी पुढे निघून जाते, डबा दाराशी तसाच राहतो, आणि दोन आठवड्यांत त्या घरातला निश्चय दुर्गंधीपुढे नमू लागतो. शेजाऱ्याने पैसे भरलेले असतील तर त्याच्या नजरेचाही सामना करावा लागतो. २००३ च्या कायद्याने आयरिश स्थानिक संस्थांना शुल्क न भरणाऱ्याचा कचरा न उचलण्याचा स्पष्ट अधिकार दिला, तेव्हा तो आंदोलनाच्या वर्मावरच घाव होता. एकेकाळी साथीचे रोग आवरण्यासाठी म्हणून शहरांनी कचरा उचलण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती. एका घराचा कचरा कुजला तर त्याचा उपद्रव फक्त त्याच घराला होत नाही, ही जाणीव त्यामागे होती. शुल्क भरले नाही म्हणून कचरा दारात सोडून देणे ही त्या जाणिवेकडे फिरवलेली पाठ आहे. वसुलीचे इतर मार्ग असताना हा मार्ग निवडणे मला आजही समर्थनीय वाटत नाही.

आंदोलकांचा दुसरा मुद्दा भविष्याबद्दल होता. ते म्हणत होते की शुल्क ही पहिली पायरी आहे. एकदा का सेवेला किंमत लागली की ती विकता येते, आणि विकता येणारी सेवा फार काळ सार्वजनिक राहत नाही. त्या वेळी अनेकांनी याला अतिरंजित भीती मानले. पुढे २०१० ते २०१२ या काळात डब्लिन परिसरातल्या चारही स्थानिक संस्थांनी घरोघरचा कचरा उचलण्याच्या कामातून अंग काढून घेतले आणि ते खासगी कंपन्यांकडे गेले. कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना स्थानिक संस्था जी सवलत देत असत, ती पुढे चालू ठेवण्याचे कायदेशीर बंधन या कंपन्यांवर नव्हते. म्हणजे ज्यांच्या नावाने सवलतीची ग्वाही देऊन शुल्क पचनी पाडले गेले, त्यांनाच काही वर्षांत ती सवलत कोणाकडे मागायची हे कळेनासे झाले. २०१६ मध्ये वजनानुसार आकारणी सक्तीची करण्याची योजना आली तेव्हा कंपन्यांनी स्थिर आकारही चढे ठेवल्याचे लोकांच्या लक्षात आले आणि इतका क्षोभ उसळला की पर्यावरण खात्याचे मंत्री सायमन कोव्हनी यांना कंपन्यांशी बोलणी करून वर्षभरासाठी दर गोठवण्याचा तोडगा काढावा लागला. अलीकडच्या वर्षांत डब्लिनच्या नगर परिषदेने ही सेवा पुन्हा सार्वजनिक हाती घेण्याच्या बाजूने ठरावही केला आहे. पण गेलेली सेवा परत आणणे हे शुल्क लावण्याइतके सोपे काम नाही.

एवढे सगळे मांडल्यावर मी शुल्काच्या पूर्ण विरोधात आहे असे कुणाला वाटेल. तसे नाही. ज्याने प्रदूषण केले त्याने त्याची किंमत मोजावी हे तत्त्व आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने १९७२ मध्ये स्वीकारले, आणि कचऱ्याच्या बाबतीत ते प्रत्यक्षात आणून दाखवणारी शहरे आहेत. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन शहराने १९७५ मध्येच पिशवीमागे आकार घ्यायला सुरुवात केली आणि १९९३ मध्ये झुरिचनेही ती वाट धरली. दक्षिण कोरियाने १९९५ पासून देशभर ठरावीक पिशव्या विकत घेऊनच कचरा टाकायचा नियम केला आणि पुनर्वापराच्या वस्तू वेगळ्या दिल्यास त्यांना आकार ठेवला नाही. तैपेई शहरात पूर्वी कचऱ्याचे शुल्क घरातल्या पाण्याच्या वापरावरून ठरत असे. पाणी जास्त वापरणारा कचराही जास्त करतो, असा त्यामागचा अंदाज होता. जुलै २००० पासून तिथे पिशवीनुसार आकारणी सुरू झाली आणि टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याचे प्रमाण घटले. जे आपण कमी करू शकतो त्याचे पैसे कमी होतात हे माणसाला दिसले, की तो आपला डबा वेगळ्या नजरेने पाहतो.

मात्र या तत्त्वाचा आधार घेऊन जे शुल्क बहुतेक ठिकाणी लावले जाते ते या प्रकारचे नसतेच. ते दर घरामागे एकसारखे असते. कोणी किती कचरा केला, कोणी वेगळा करून दिला, कोणी घरातच खत केले, याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. अशाच एका शुल्काबाबत बोलावलेल्या रहिवाशांच्या सभेत मी बसले होते. अधिकारी बोलून झाल्यावर एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी शांतपणे विचारले, “मी एकटी राहते. माझा कचरा आठवड्याला एक लहान पिशवी होतो, तोही वेगवेगळा करून देते. वरच्या मजल्यावर सहा माणसे आहेत आणि ते काहीच वेगळे करत नाहीत. साहेब, आम्हा दोघांना एकच रक्कम का?” अधिकाऱ्यांनी प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजण्याचे तत्त्व पुन्हा समजावून सांगितले. त्या बाईंचा प्रश्न त्याच तत्त्वाच्या आधारे विचारलेला होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. सभेत त्या बाईंसाठी टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या सभेची गणना ‘स्थानिकांचा तीव्र विरोध’ अशी झाली. मला तो विरोध वाटला नव्हता. शुल्काची योजना सुधारण्याची ती सर्वांत नेमकी सूचना होती आणि ती कोणीही टिपून घेतली नाही.

एकसारखे शुल्क हा एक प्रकारे डोईपट्टीचाच भाग आहे. ज्याच्याकडे कमी आहे त्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा त्यात जातो आणि ज्याच्याकडे पुष्कळ आहे त्याला ते जाणवतही नाही. सर्वसाधारण करातून सफाईचा खर्च भागवण्याच्या पद्धतीत दोष असतील, पण त्यात निदान देण्याची ऐपत मोजली जाते. तिथून एकसारख्या शुल्काकडे जाणे म्हणजे खर्चाचा भार वरून खाली सरकवणे आहे, आणि ज्यांच्यावर तो सरकतो त्यांना ते अर्थशास्त्र न शिकताही कळते.

वजनानुसार किंवा पिशवीनुसार आकारणी अधिक न्याय्य आहे असे मी वर सुचवले, पण तिचीही एक काळी बाजू आहे आणि ती विरोधकांनीच समोर आणली. ज्या घरात तान्हे मूल आहे, अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, मूत्रविसर्जनावर ताबा नसलेला रुग्ण आहे, त्या घरातला कचरा वजनदार असतो आणि तो कमी करण्याचा कोणताही मार्ग त्या घराजवळ नसतो. लंगोट, पट्ट्या, औषधोपचाराचे साहित्य यांचे वजन करून त्यावर आकार घेणे म्हणजे आजारावर कर घेणे. आयर्लंडमध्ये हा मुद्दा इतका ठामपणे मांडला गेला की २०१७ मध्ये दीर्घकालीन आजारामुळे असे साहित्य वापरावे लागणाऱ्या व्यक्तींसाठी वर्षाला ७५ युरो मदत देण्याची घोषणा सरकारला करावी लागली. दर ठरवणाऱ्यांच्या टेबलावर हा विचार आधीच यायला हवा होता. तो आला नाही, कारण घरात आजारी माणसाची सेवा करणाऱ्या व्यक्ती त्या टेबलाशी बसलेल्या नसतात. त्या बहुतेक वेळा स्त्रिया असतात आणि त्यांचा दिवस सभेला जाण्याइतका मोकळा नसतो.

याहून मोठा प्रश्न आहे तो कचऱ्याच्या उगमाचा. घरातून बाहेर पडणाऱ्या डब्यात काय असते याचा कोणीही स्वतःच्या घरापुरता विचार करून पाहावा. त्यातल्या कितीतरी वस्तू आपण मागितलेल्या नसतात. वस्तू हवी होती. तिच्याभोवतीचे पातळ आवरण, त्याभोवतीचा कडक साचा, त्याभोवतीची पेटी हे दुसऱ्याच कुणाचे निर्णय असतात. त्या निर्णयाचा फायदा करून घेणारा वेगळा आणि ते आवरण नष्ट करण्याचा खर्च देणारा वेगळा, अशी ही विभागणी आहे. स्वीडनमध्ये थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीची कल्पना मांडली आणि जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांविषयीचा नियम करून ती वेष्टने परत घेण्याची आणि त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादक व विक्रेत्यांवर टाकली. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व पहिल्यांदा लावायचे तर ते इथे, वस्तूच्या जन्माशी लावायला हवे. घराकडून शुल्क घेण्याआधी उत्पादकाकडून काय घेतले, हा प्रश्न विचारण्याचा रहिवाशांना पूर्ण हक्क आहे, आणि माझ्या मते शुल्कविरोधी चळवळींच्या हातातला तो सर्वांत भक्कम प्रश्न आहे. दुर्दैवाने त्या तो फारसा वापरत नाहीत. लढाई पावतीवरच्या रकमेवर थांबते आणि वेष्टनापर्यंत पोचत नाही.

विरोध करणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत ते इथे आणि आणखी एका जागी. शुल्क नको म्हणताना कचऱ्याचे काय करायचे याचे उत्तर चळवळीने स्वतः द्यायला हवे. करातूनच खर्च व्हावा असे म्हणणे हे पैशांचे उत्तर झाले. ज्या क्षेपणभूमीच्या शेजारी माणसे राहतात, ज्यांच्या विहिरींत त्या ढिगाऱ्यातून झिरपलेले पाणी उतरते, त्यांना त्यात काही उत्तर नाही. शहराच्या मध्यभागातले रहिवासी शुल्काविरुद्ध जमतात तेव्हा शहराच्या कडेला कचऱ्याच्या ढिगाविरुद्ध जमलेले रहिवासी त्यांच्या सभेत नसतात. दोघांचीही तक्रार एकाच व्यवस्थेविषयी आहे, तरी एकमेकांचे शब्द त्यांच्या कानी पडत नाहीत. ज्या वस्तीला शुल्क नको आहे तिने आपला ओला कचरा आपल्याच हद्दीत जिरवण्याची तयारी दाखवली, तर तिच्या नकाराला जे वजन येईल ते कोणत्याही मोर्चाने येणार नाही.

शुल्क लावणाऱ्यांनी आणि विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावा असा एक अभ्यास आहे. अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिल या गावाने १९९२ मध्ये पिशवीमागे आकारणी सुरू केली, तेव्हा डॉन फुलर्टन आणि थॉमस किनामन या अर्थतज्ज्ञांनी काही घरांचा कचरा आधी आणि नंतर प्रत्यक्ष मोजला. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कचऱ्याचे आकारमान ३७ टक्क्यांनी कमी झाले, पण वजन फक्त १४ टक्क्यांनी. म्हणजे लोकांनी पिशव्या दाबून, ठासून भरल्या. आणि जे वजन कमी झाले त्यातलाही सुमारे २८ टक्के भाग चोरून इतरत्र टाकला गेला असावा, असा त्यांचा अंदाज होता. शुल्काने वर्तन बदलते, हे यावरून खरेच सिद्ध होते. ते कोणत्या दिशेने बदलेल हे मात्र शुल्काबरोबर दुसरे काय दिले जाते यावर अवलंबून असते. वेगळा केलेला कचरा घेणारी व्यवस्था दाराशी असेल तर माणूस वेगळा करतो; ती नसेल तर अंधार पडल्यावर पिशवी रस्त्याच्या वळणावर जाते, आणि शुल्क इमानाने भरणाऱ्याला वाटू लागते की आपणच मूर्ख ठरलो. ही भावना एखाद्या वस्तीत पसरली की ती काढता येत नाही.

लोकांचे मन वळवल्याशिवाय कायदा पुढे सरकत नाही, याची उदाहरणे श्रीमंत आणि शिस्तबद्ध समजल्या जाणाऱ्या समाजांतही आहेत. इंग्लंडमध्ये २००८ च्या हवामान बदल कायद्याने पाच ठिकाणी प्रायोगिक आकारणीची मुभा दिली होती. एकही स्थानिक संस्था पुढे आली नाही आणि २०११ मध्ये ती तरतूदच काढून टाकण्यात आली. हाँगकाँगने ऑगस्ट २०२१ मध्ये पिशवीनुसार शुल्काचा कायदा केला. अंमलबजावणी पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, एप्रिल २०२४ मध्ये १४ ठिकाणी प्रयोग झाला, आणि मे महिन्याच्या अखेरीस सरकारने योजना बेमुदत थांबवली. पुनर्वापराच्या सोयी अपुऱ्या आहेत, नियम समजत नाहीत, खर्च वाढतो, अशा तक्रारी तिथे होत्याच. त्यांच्याबरोबर आणखी एक तक्रार होती आणि ती इमारतींमधल्या सफाई कामगारांच्या कामाविषयी होती. रहिवाशांनी ठरावीक पिशवी वापरली नाही तर तो कचरा पुन्हा योग्य पिशवीत भरण्याचे काम कोणाचे? कायदा रहिवाशांसाठी होता, पण त्याचा रोजचा भार पडणार होता तो कमी पगारात, जास्तीत जास्त तास राबणाऱ्या आणि बरेचदा वृद्ध असलेल्या कामगारांवर.

डब्लिनमध्येही तेच झाले होते. शुल्क न भरलेल्या घराचा डबा तसाच ठेवून पुढे जा, असा आदेश गाडीवरच्या कामगारांना होता आणि त्याच गाडीपुढे त्यांच्याच वर्गातली, कदाचित त्यांच्याच गल्लीतली माणसे आडवी उभी होती. या वादांवर जे काही लिहिले गेले आहे त्यात अधिकारी आहेत, आंदोलक आहेत, न्यायाधीश आणि मंत्री आहेत. कामगार क्वचित दिसतो. खरे तर कोणत्या घरातून काय निघते, कोण वेगळे करून देतो, कोणत्या वळणावर रात्री पिशव्या येतात, वेगळा केलेला कचरा पुढे जाऊन पुन्हा एकत्र होतो की नाही, हे सगळे त्याला ठाऊक असते. शुल्काचा दर ठरवणाऱ्या प्रत्येक सभेत त्याला कामाच्या वेळेत, पगारी, बोलावले जावे आणि त्याचे म्हणणे अधिकाऱ्यांच्या आधी ऐकले जावे, अशी मागणी शुल्काच्या विरोधकांनी आपल्या निवेदनात सर्वांत वर लिहावी. जमा होणाऱ्या पैशांतला किती भाग त्याच्या पगारात, हातमोज्यांत आणि औषधोपचारात जाणार, हा प्रश्नही मग त्यानेच विचारावा; त्याचे उत्तर मिळेपर्यंत पैसे न देणाऱ्या रहिवाशाला मी बेजबाबदार म्हणणार नाही.